शेपूट, नळी आणि परीक्षा



कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, ही म्हण आपण सगळ्याच जणी वापरतो. बहुतेक वेळा ती कुत्र्याबद्दल नसतेच, घरातल्या दुसऱ्याच कुणाबद्दल असते, ते सोडा. पण म्हणीत एक समजूत आहे. कुत्रा शिकत नाही, तो जसा जन्मतो तसाच राहतो, ही ती समजूत. आजच्या भागात आम्ही याच समजुतीची उलटतपासणी करणार आहोत. कुत्र्यांची शाळा कधी सुरू झाली, त्यांची परीक्षा कुणी काढली आणि त्या परीक्षेला कुत्र्याबरोबर माणूस कसा बसला, त्याचा हा इतिहास. त्यातलं एक पान आपल्या विरारमध्येच आहे, तिथे आपण येणारच आहोत.

विषय निवडण्याचं कारण तुम्हाला माहीत आहे. गास, गिरीज, वाघोली, नंदाखालच्या वाड्यांमध्ये कुत्रा असायचा तो अंगणात. केळीच्या बागेत हिंडायचा, बावखलात पाणी प्यायचा, दुपारी ओटीखाली पडायचा. त्याला पट्टा नव्हता आणि तशी गरजही नव्हती, कारण येणाराजाणारा ओळखीचा. मोठ्या कुत्र्याकडे बघून पिल्लू आपोआप शिकायचं की कुणावर भुंकायचं आणि कुणाकडे शेपटी हलवायची. आता तोच कुत्रा नालासोपाऱ्यात नाहीतर विरार पश्चिमेला चौथ्या मजल्यावरच्या वन-रूम-किचनमध्ये राहतो. लिफ्टमध्ये दूधवाला, जिन्यात शाळेची मुलं, खाली भाजीवाला, गेटवर भटक्या कुत्र्यांची टोळी. मुलाच्या वाढदिवसाला हौसेने आणलेलं पिल्लू वर्षभरात तीस किलोचं होतं. मुलगा क्लासला जातो, नवरा सकाळी ७.१० ची लोकल पकडतो आणि साखळी उरते ती घरच्या बाईच्या हातात. चावला तर भांडण तिच्याशी, सोसायटीची नोटीस तिच्या नावाने. शेवटी कुणीतरी त्याला हायवेवर किंवा समुद्रकिनारी सोडून येतं. कुत्रा गाडीमागे धावतो. हे घडतं, आणि म्हणून हा विषय.

आपल्या परंपरेत कुत्र्याचा मान कमी नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे. कुत्र्याने पळवलेली भाकरी कोरडी राहू नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावलेले नामदेव महाराज आपल्याला लहानपणापासून माहीत आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून महाराजांचा जीव त्याने वाचवला आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी हकीकत सांगतात. म्हणजे इमानाची किंमत आपण जाणली, अन्नही दिलं. पण शिकवणं? ते शिकारी, धनगर आणि राखणदार यांच्या हातात राहिलं. त्यांना ते येत होतं, पण कुणी लिहून ठेवलं नाही.

सरकारदरबारी तर कुत्र्याचा विचार वेगळ्याच अंगाने झाला. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत दंगल झाली, ती चक्क कुत्र्यांवरून. बेवारस कुत्री मारायची आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळवायचं, असा हुकूम होता. आठ आणे ही तेव्हा मोठी रक्कम. लोभापायी पकडणारे लोक घरची कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाज कुत्र्याला पवित्र मानतो, त्यांच्या अंत्यविधीत कुत्र्याची नजर मृतदेहावर पडण्याला अर्थ आहे. त्यांनी बाजार बंद केले, इंग्रजांचा पावरोटी-पाण्याचा पुरवठा अडवला आणि शेवटी सैन्य बोलवावं लागलं. पाळीव कुत्रा कुठे संपतो आणि बेवारस कुठे सुरू होतो, हा प्रश्न त्या दिवशी रस्त्यावर आला. तो अजून घरी गेलेला नाही.

आता शाळेकडे येऊ. त्यासाठी जर्मनीत जावं लागेल, कारण कुत्र्याची पद्धतशीर परीक्षा तिथे बसवली गेली. मॅक्स फॉन श्टेफानिट्झ नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने १८९९ मध्ये जर्मन शेफर्ड जातीची संघटना काढली. तुम्ही ज्याला अल्सेशियन म्हणता, तोच हा कुत्रा. त्याचं म्हणणं होतं की नुसता रुबाबदार कुत्रा काय कामाचा, त्याला अक्कल आणि धीर आहे का ते तपासा. त्यातून माग काढणं, हुकूम पाळणं आणि रक्षण करणं अशी तीन अंगांची परीक्षा उभी राहिली. १९१० मध्ये कोनराड मोस्ट या पोलिसांचे कुत्रे तयार करणाऱ्या अधिकाऱ्याने प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं. कुत्रा कसा शिकतो याचं त्याचं निरीक्षण बारीक होतं, पण हात कडक होता. साखळीचा झटका, काठी, मग शाबासकी. पहिल्या महायुद्धात हजारो कुत्रे याच रीतीने तयार होऊन आघाडीवर गेले. पुढची पन्नास-साठ वर्षं जगभर कुत्र्याला शिकवणं म्हणजे कवायत, असंच चित्र राहिलं. आजही आपल्याकडे सकाळी मैदानात पैसे घेऊन शिकवणारे काही मास्तर असतात, त्यांचा आवाज ऐका. तो आवाज तिथून आलेला आहे.

पण त्याच युद्धातून एक वेगळी वाट फुटली. विषारी वायूने आणि स्फोटांनी शेकडो सैनिक आंधळे झाले होते. त्यांच्यासाठी १९१६ मध्ये जर्मनीतल्या ओल्डनबुर्गला वाटाड्या कुत्र्यांची शाळा सुरू झाली. डोरोथी हॅरिसन युस्टिस नावाची अमेरिकन बाई स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड पाळत होती. तिने पुढे जर्मनीतली अशी एक शाळा पाहिली आणि १९२७ मध्ये त्यावर अमेरिकेतल्या एका मासिकात लेख लिहिला. मासिकातला एक लेख काय करू शकतो ते बघा. टेनेसी राज्यातल्या मॉरिस फ्रँक नावाच्या विशीतल्या अंध तरुणाला तो लेख वडिलांनी वाचून दाखवला. त्याने तिला पत्र घातलं की मला असा कुत्रा द्या, मी इथे परत येऊन बाकीच्यांनाही शिकवीन. तो १९२८ मध्ये स्वित्झर्लंडला गेला.

तिथे काय झालं हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कुत्री शिकून तयार होती. तिचं नाव त्याने बडी ठेवलं. पण फ्रँकला ती लगेच हातात दिली नाही. आधी त्याची शिकवणी झाली. पट्टा कसा धरायचा, तिने थांबवलं तर का थांबलं असेल ते पायाने कसं चाचपायचं, वळण्याचा शब्द कोणत्या क्षणी म्हणायचा आणि मुख्य म्हणजे तिच्यावर विश्वास कसा टाकायचा. चूक झाली तर विचारलं जायचं की तू काय केलंस? कुत्री काय चुकली, हा प्रश्न नंतर. न्यूयॉर्कला उतरल्यावर पत्रकारांनी त्याला वाहनांनी भरलेला एक धोक्याचा रस्ता ओलांडून दाखवायला सांगितलं. त्याने बडीला शब्द दिला आणि पलीकडे पोचला. १९२९ मध्ये युस्टिसबाई आणि फ्रँक यांनी मिळून अमेरिकेत अंधांसाठी वाटाड्या कुत्र्यांची संस्था काढली, ती आजही चालू आहे. कुत्रा आणि माणूस मिळून एकच विद्यार्थी, ही कल्पना इथे पक्की झाली.

मग ती घरच्या कुत्र्यापर्यंत कशी आली? इथे आणखी दोन बायका भेटतात. न्यूयॉर्कजवळ हेलन व्हाइटहाउस वॉकर नावाची बाई मोठ्या पूडल जातीची कुत्री पाळायची. पूडल म्हणजे कुरळ्या केसांचा, फॅशनचे केस कापून मिरवायचा कुत्रा. लोक हसायचे की हा नटवा, याला काय अक्कल! वॉकरबाईंना ते झोंबलं. त्यांनी ठरवलं की सुंदर दिसण्याची स्पर्धा नको, समज दाखवण्याची स्पर्धा घेऊ. ऑक्टोबर १९३३ मध्ये वडिलांच्या माउंट किस्को इथल्या जमिनीवर त्यांनी आज्ञापालनाची चाचणी भरवली. आठ कुत्रे आले. मालकाच्या पावलाला पाऊल लावून चालणं, बोलावल्यावर येणं, सांगितल्यावर बसून राहणं, वस्तू उचलून आणून देणं, असे साधे प्रकार. आठ कुत्र्यांची ती दुपार आणि आज जगभर चालणाऱ्या हजारो चाचण्या यांच्यामध्ये सरळ रेघ आहे.

त्यांच्याकडे कुत्र्यांची देखभाल करायला ब्लांश सॉन्डर्स नावाची तरुणी जाहिरात वाचून कामाला आली होती. पुढे दोघी जोडीदारीण झाल्या. वॉकरबाई इंग्लंडला जाऊन तिथल्या चाचण्या पाहून आल्या, नियम लिहिले, अमेरिकन केनेल क्लबच्या मागे लागल्या आणि १९३६ मध्ये क्लबने ती परीक्षा अधिकृत केली. १९३७ मध्ये दोघींनी मोटारीला मागे फिरतं घर जोडलं, पूडल बरोबर घेतले आणि देशभर दहा हजार मैल हिंडल्या. गावोगावच्या श्वानप्रदर्शनांत उतरायचं, कुत्र्यांचं काम दाखवायचं, पुढच्या गावाला निघायचं. त्या काळी दोन बायका एकट्या, मागे एवढा पसारा! आपल्याकडे सासूबाईंनी काय म्हटलं असतं, याची आम्ही नुसती कल्पना करतो. सॉन्डर्सबाईंनी नंतर वर्ग चालवले आणि १९४६ मध्ये पुस्तक लिहिलं. पुस्तकाचं नाव मराठीत सांगायचं तर, ‘तुमच्या कुत्र्याला शिकवायला तुम्हाला शिकवणं’.

शिकवायची रीत मात्र लगेच मऊ झाली नाही. १९८० मध्ये बीबीसी टीव्हीवर बार्बरा वुडहाउस या सत्तरीच्या आजीबाई घराघरांत पोचल्या. त्यांचं म्हणणं होतं की वाईट कुत्रा नसतोच, न शिकलेला मालक असतो. लोकांना ते पटलं, पण त्यांच्या हातातली गळा आवळणारी साखळी पुढे अनेकांना खटकली. दुसरी रीत समुद्रातून आली. हवाई बेटांवर कॅरन प्रायर नावाच्या बाई डॉल्फिनना शिकवायच्या. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही, ओरडलात तर तो सरळ पोहत निघून जातो. मग उरतं काय? बरोबर केलं त्या क्षणी शिट्टी आणि लगेच मासा. १९८४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून हीच रीत कुत्र्यालाच काय, माणसालाही लागू पडते असं सांगितलं. शिट्टीच्या जागी ‘टिक’ आवाज करणारी छोटी डबी आली, माशाच्या जागी बिस्किटाचा तुकडा. आमचं मत विचाराल तर ही रीत आपल्या घरांना जास्त जमणारी आहे. तीस किलोच्या कुत्र्याला झटका देण्याइतकी ताकद प्रत्येकीच्या मनगटात नसते. बिस्किटाचा तुकडा ओढणीच्या टोकालाही बांधून ठेवता येतो.

आपल्या देशात सगळं खाकी वर्दीतून आलं. सैन्याच्या कुत्र्यांचं प्रशिक्षण मेरठला १९५९ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी मुंबई पोलिसांचं श्वान पथक उभं राहिलं, तीन डॉबरमन घेऊन. महाराष्ट्र पोलिसांचे कुत्रे पुण्याला गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात शिकतात. तिथेच एक लॅब्रेडोर तयार झाला, जंजीर. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने जे शोधून काढलं त्याचा आकडा ऐका. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं, अशी नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कॅन्सरने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला.

या कुत्र्यांची परीक्षा कशी असते ते समजून घ्या, कारण त्यात गंमत आहे. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला वास सापडला की भुंकायचं नसतं, पंजाने उकरायचं नसतं. उकरलं तर तोही जाईल आणि आजूबाजूचेही. त्याने गपचूप बसायचं आणि आपल्या माणसाकडे बघायचं. एवढंच. म्हणजे सगळ्यात मोठं काम करणाऱ्या कुत्र्याची सगळ्यात मोठी विद्या म्हणजे बसणं, जी आपण पिल्लाला पहिल्या आठवड्यात शिकवतो. आणि तो बसला आहे हे ओळखणारं माणूस समोर असावं लागतं. म्हणून पोलिसांत कुत्रा आणि त्याचा हस्तक यांची जोडी ठरलेली असते. सोबत शिकतात, सोबत परीक्षा देतात, सोबत ड्युटीला जातात. हस्तक बदलला तर पुन्हा जुळवून घ्यावं लागतं.

११ जुलै २००६ ची संध्याकाळ आपल्या भागातल्या कुणाला सांगायला नको. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत फर्स्ट क्लासच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. कितीतरी घरांमध्ये त्या रात्री दार उघडं ठेवून वाट पाहिली गेली. त्यानंतर दोन वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८. त्या वेळी मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातले चार लॅब्रेडोर रस्त्यावर होते. मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर. ताज हॉटेलजवळ मॅक्सने आठ किलो आरडीएक्स आणि हातबॉम्ब हुडकले. सीझरने आधी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी मागे टाकलेले हातबॉम्ब दाखवून दिले. त्या फलाटांवर आपण रोज उतरतो. मग नरिमन हाउसला कमांडोंबरोबर तीन दिवस. बंदुका सुटताहेत, धूर आहे, माणसं ओरडताहेत, आणि कुत्र्याने नाक खाली ठेवून काम करायचं. हुकूम पाळण्याची याहून कठीण परीक्षा आम्हाला तरी माहीत नाही.

हे चौघे निवृत्त झाल्यावर कुठे गेले? विरारला. तिथल्या एका प्राणिप्रेमी बाईंच्या शेतावर त्यांना जागा मिळाली. झाडं, मोकळं अंगण, पट्टा नाही. आपल्या वाडीतल्या जुन्या कुत्र्यांसारखंच जगणं त्यांना म्हातारपणी लाभलं. २०१६ हे एकच वर्ष चौघांना घेऊन गेलं. एप्रिलमध्ये मॅक्स, जूनमध्ये सुलतान, जुलैमध्ये टायगर आणि ऑक्टोबरमध्ये सीझर. सीझर शेवटचा, तेव्हा अकरा वर्षांचा होता. वर्तमानपत्रांत फोटो आले, तिरंग्यात गुंडाळलेले. आपल्यातल्या अनेकींना तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे आपल्याच गावात राहत होते.

त्या निवृत्तीच्या गोष्टीत आम्हाला एक प्रश्न दिसतो. पोलिसांच्या कुत्र्याला माणूस नेमून दिलेला असतो, त्या माणसाची परीक्षा झालेली असते. घरच्या कुत्र्याला माणूस कोण? घरात पाच जणं. आजी म्हणते ‘बस’, नातू म्हणतो ‘सिट’, बाबा मूडमध्ये असले तर ‘बैठ’. आई काहीच म्हणत नाही, कारण तिला पोळ्या लाटायच्या असतात. कुत्रा गोंधळतो आणि मग ठरतो हट्टी. (ते इंग्रजीचं खूळही एकदा सोडावं. वाडवळी, सामवेदी, आगरी, मालवणी बोलणाऱ्या घरात कुत्र्याशीच तेवढं इंग्रजी का? त्याला भाषा कळत नाही, आवाज कळतो. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ हे शब्द छोटे आहेत, पुरेसे आहेत. फक्त घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे.)

घरच्या कुत्र्यासाठी म्हणून जी परीक्षा बेतली गेली ती १९८९ ची. अमेरिकन केनेल क्लबने तिला ‘चांगला नागरिक’ असं नाव दिलं. दहा प्रकार आहेत. वॉकरबाईंच्या परीक्षेसारखी उड्या, वस्तू आणणं अशी कसरत त्यात नाही. कुत्र्याची जातही बघत नाहीत, गावठी असला तरी चालतो. अनोळखी माणूस येऊन मालकाशी बोलतो, कुत्र्याने अंगावर जायचं नाही. तो माणूस त्याला थोपटतो, कान-पाय तपासतो, कुत्र्याने सहन करायचं. हे आपल्याकडे डॉक्टरांच्या टेबलावर लागतंच. सैल पट्ट्यावर चालायचं, ओढाओढ नाही. गर्दीतून जायचं. विरार स्टेशनबाहेरच्या संध्याकाळची तालीम म्हणा ना. दुसरा कुत्रा शेजारून गेला तर बघायचं, पण झेपावायचं नाही. अचानक काही पडलं, काही वाजलं तर घाबरून सैरावैरा व्हायचं नाही. आपल्याकडे तो प्रकार दिवाळीत रस्त्यावर आपोआप घेतला जातो, आणि बहुतेक कुत्रे त्यात नापास होतात. त्यांना त्या दिवसांत आतल्या खोलीत ठेवावं हे बरं. शेवटचा प्रकार असा की मालकाने कुत्रा दुसऱ्याच्या हातात देऊन नजरेआड व्हायचं. तीन मिनिटं. कुत्र्याने रडायचं नाही, भुंकायचं नाही. दिवसभर बंद घरात भुंकत राहणाऱ्या कुत्र्यांवरून ज्या सोसायट्यांत भांडणं चालू आहेत, त्यांना या तीन मिनिटांचं महत्त्व कळेल.

आणि या परीक्षेआधी मालकाला एक प्रतिज्ञा करून सही द्यावी लागते. कुत्र्याचं आरोग्य, सुरक्षितता, त्याच्यासाठी वेळ, आणि त्याच्यापासून दुसऱ्याला त्रास होणार नाही ही हमी. त्याने घाण केली तर उचलणं त्यातच आलं. जर्मनीत तर सोबती कुत्र्याच्या परीक्षेत मालकाला आधी लेखी पेपर द्यावा लागतो. तो नापास झाला तर कुत्र्याला मैदानात उतरताच येत नाही.

मुंबईत शिरीन मर्चंट यांनी माणसांना आणि कुत्र्यांना सोबत शिकवण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये निरनिराळ्या क्षेत्रांत पहिलं पाऊल टाकणाऱ्या स्त्रियांचा जो सन्मान केला, त्यात त्या होत्या. वसईच्या मुलींनी हे व्यवसाय म्हणूनही बघावं. आपल्या भागात कुत्रे वाढलेत, शिकवणारे थोडे, आणि जे आहेत ते बहुतेक पुरुष. घरात ज्या बाईच्या हातात साखळी आहे तिच्याशी बसून बोलणारी बाईच हवी.

आता प्रश्न उरतो की परीक्षा सक्तीची करावी का. जगाने दोन्ही करून पाहिलं आहे. झ्युरिकजवळ ओबरग्लाट गावात २००५ मध्ये सहा वर्षांच्या मुलावर पिटबुल कुत्र्यांनी हल्ला केला, त्यात तो गेला. देश हादरला आणि २००८ च्या नियमांनी स्वित्झर्लंडमध्ये कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला वर्ग सक्तीचा झाला. काही वर्षांनी हिशेब मांडला तर पाचांतला एक मालक वर्गाला गेलाच नव्हता आणि चावण्याच्या घटनांत ठळक फरक दिसत नव्हता. २०१७ पासून देशपातळीवरची सक्ती उठली. उलट जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्यात २०१३ पासून नव्याने कुत्रा पाळणाऱ्याला कुत्रा आणण्याआधी लेखी आणि पहिल्या वर्षात प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, ती अजून आहे. ‘आणण्याआधी’ हा शब्द आम्हाला आवडला. वाढदिवसाच्या केकबरोबर पिल्लू आणण्याची सोय त्यात राहत नाही.

आपल्याकडे अशी परीक्षा नाही, पण जबाबदारी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी जाणूनबुजून किंवा हयगयीने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्या बाजूने, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. ज्या ताईंना सोसायटीची नोटीस आली आहे त्यांनी या सूचना चिटणीसांना दाखवाव्यात. आणि ज्या ताईंच्या मुलाला शेजारच्या कुत्र्याने ओरबाडलं आहे त्यांनी भांडायला जाण्याआधी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी आणि सगळे डोस पुरे करावेत. कुत्रा पाळीव आहे, शिकलेला आहे, एवढ्यावर थांबू नये.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी या आठवड्यात एक गोष्ट करून बघा. घरातल्या सगळ्यांना बसवून तीन शब्द ठरवा आणि फ्रिजवर कागद चिकटवा. मग त्या दहांतला शेवटचा प्रकार घ्या. साखळी शेजारणीच्या हातात द्या, जिन्याच्या वळणाआड जाऊन उभ्या राहा आणि घड्याळ लावा. पहिल्या दिवशी वीस सेकंदांत रडारड सुरू होईल. परत या, तो शांत होईपर्यंत थांबा, शांत झाला की बिस्कीट द्या. दुसऱ्या दिवशी वीस सेकंदांच्या आधी परत या, मग हळूहळू वाढवा. तीन मिनिटं जमायला किती दिवस लागले ते आम्हाला पत्राने नाहीतर केंद्राच्या फोनवर कळवा. कुत्र्याचं नाव आणि कुणाच्या हातात साखळी होती तेही सांगा.